पेरणीचा मेसेज एआयच्या भरवशावर आला, पण मशीनला पाऊस कितपत कळतो?

२०२५ चा मे महिना आठवा. २४ मे रोजी मान्सून केरळात पोहोचला, नेहमीच्या तारखेच्या आठ दिवस आधी. दुसऱ्या दिवशी तो तळकोकणात आला आणि २६ मे रोजी थेट मुंबई-पुण्यात. मुंबईत तो साधारण ११ जूनला येतो. म्हणजे गडी सोळा दिवस आधीच हजर. गेल्या ७५ वर्षांत मुंबईने इतक्या लवकर मान्सून बघितला नव्हता. मोबाईलवर भजी, धबधबे आणि तुंबलेल्या रस्त्यांचे व्हिडिओ फिरायला लागले.

शेतकऱ्याच्या घरात त्याच वेळी दुसरीच चर्चा चालू होती. रानात ओल चांगली आहे, मग पेरून टाकायचं का? शेजाऱ्याने पेरलं आणि आपण थांबलो तर मागे पडू का? कृषी खातं सांगत होतं, घाई करू नका. झालंही तसंच. मेच्या शेवटी मान्सून जो थबकला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकेना. जवळजवळ २० दिवस.

या २० दिवसांची किंमत शहरात बसून कळत नाही. सोयाबीनचं बी ओलीवर उगवतं. त्यानंतर आठ-दहा दिवस वरून पाणी पडलं नाही आणि ऊन तापलं की कोवळं रोप माना टाकतं. मग पुन्हा बियाण्याची बॅग, पुन्हा खत, पुन्हा ट्रॅक्टरचं भाडं, पुन्हा मजुरी. 'दुबार पेरणीचं संकट' हे शब्द आपण बातमीत दरवर्षी वाचतो आणि पुढे स्क्रोल करतो. ज्याच्याकडे विहीर किंवा बोअर आहे तो एखादं पाणी देऊन पीक वाचवतो. कोरडवाहूवाल्याला तो पर्याय नाही. म्हणूनच कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण हा सल्ला पडून गेलेल्या पावसाबद्दल आहे. शेतकऱ्याला पुढच्या पावसाबद्दल जाणून घ्यायचं असतं.

नेमकं तिथेच त्या वर्षी एक नवीन गोष्ट घडली. केंद्रीय कृषी मंत्रालयाने एम-किसान पोर्टलवरून १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांना एसएमएस पाठवले. तुमच्या भागात पाऊस कधी लागून राहण्याची शक्यता आहे, हे चार आठवडे आधीपर्यंत सांगणारे. पाच भाषांत आणि त्यात मराठीही होती. हा अंदाज एआय वापरून काढलेला होता, आणि मान्सून मधेच थबकणार हे त्याने आधीच ओळखलं होतं, असं मंत्रालयाने नंतर सांगितलं.

'एआयने मान्सून ओळखला' असा मथळा यातून लगेच तयार होतो. तो पूर्ण खोटा नाही. पण त्याच्यापुढे एक प्रश्न विचारला पाहिजे. मशीन हे शिकलं कुठून?

गणिताचा रस्ता

हवामानाचा अंदाज काढायचा जुना आणि आजही मुख्य असलेला रस्ता भौतिकशास्त्राचा आहे. हवा कशी वाहते, पाण्याची वाफ कधी होते, ढग कधी होतात, उष्णता कशी फिरते याचे नियम माहीत आहेत. पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात आत्ता काय चाललंय ते भरायचं आणि नियम लावून थोड्या वेळाने काय होईल ते काढायचं. मग त्याच्या पुढच्या थोड्या वेळाचं. असं करत करत दहा दिवस.

लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या ब्रिटिश माणसाने पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवता चालवता हे हाताने करून पाहिलं होतं. फक्त सहा तासांचा अंदाज काढायला त्याला सुमारे सहा आठवडे लागले, आणि तोही साफ चुकला. तरी गड्याने १९२२ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की पद्धत बरोबर आहे, आकडेमोड करणारी माणसं कमी पडतायत. त्याच्या हिशोबाने ६४ हजार माणसं लागली असती. पुढे कॉम्प्युटर आले आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं.

आज हे काम सुपरकॉम्प्युटर करतात. पुण्याच्या पाषाणमधल्या आयआयटीएम या संस्थेत 'अर्क' नावाचा सुपरकॉम्प्युटर आहे, नोएडात 'अरुणिका'. याच आयआयटीएमने तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' देशाचे ६ किलोमीटरचे चौकोन पाडून अंदाज काढते. आधी हे चौकोन १२ किलोमीटरचे होते. गंमत म्हणजे ही सिस्टीम दिल्लीत देशाला अर्पण झाली तो दिवस २६ मे २०२५, ज्या दिवशी मान्सून वेळेआधी पुण्यात पोहोचला.

आजोबांचा रस्ता

दुसरा रस्ता आपल्याला घरातूनच माहीत आहे. गावातले एखादे आजोबा वारं बघून, ढगांचा रंग बघून, मुंग्यांची धावपळ बघून सांगतात की आज संध्याकाळी येतोय. त्यांना समीकरणं येत नाहीत. त्यांनी साठ पावसाळे पाहिलेत. अमुक दिसलं की पुढे तमुक होतं, हे डोक्यात बसलंय.

मशीन लर्निंग म्हणजे ढोबळमानाने हेच. फरक एवढाच की आजोबांनी एक शिवार पाहिलंय आणि मशीनने अख्खी पृथ्वी. युरोपच्या हवामान केंद्राकडे ईआरए-५ नावाचा एक प्रचंड डेटा आहे. १९४० पासून आजपर्यंत दर तासाला जगात कुठे किती तापमान, दाब, वारा, ओलावा होता, याचा जणू अल्बमच. गूगल डीपमाइंडच्या 'ग्राफकास्ट' या मॉडेलला त्यातली १९७९ ते २०१७ अशी ३९ वर्षं दाखवली गेली. आत्ताचं चित्र आणि सहा तासांपूर्वीचं चित्र दाखवायचं आणि विचारायचं, पुढच्या सहा तासांनी काय? चुकलं की दुरुस्त करायचं. हे असंख्य वेळा.

निकाल बघून हवामानशास्त्रज्ञही चमकले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधानुसार ग्राफकास्टने १,३८० निकषांपैकी ९० टक्क्यांहून जास्त ठिकाणी युरोपच्या नावाजलेल्या पारंपरिक मॉडेलला मागे टाकलं. वर दहा दिवसांचा अंदाज एका मिनिटाच्या आत, तोही एकाच मशीनवर. एनव्हिडिया आणि ह्युआवेची मॉडेलं त्याच्या आधीच आली होती, नंतर गूगलचंच 'जेनकास्ट' आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द युरोपच्या केंद्राने 'एआयएफएस' हे आपलं एआय मॉडेल रोजच्या कामात आणलं. ज्यांचं पारंपरिक मॉडेल जगात सर्वोत्तम मानलं जातं, त्यांनीच हे केलं. त्यामुळे 'एआय म्हणजे नुसती हवा' असं म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

पण एक गोष्ट या कौतुकात हरवते. तो अल्बम आकाशातून पडलेला नाही. उपग्रह, हवेत सोडलेले फुगे, जहाजं, विमानं, जमिनीवरची केंद्रं यांच्या नोंदी घ्यायच्या आणि मधल्या रिकाम्या जागा भौतिकशास्त्राच्या मॉडेलने भरायच्या, असं करून ईआरए-५ तयार झालाय. रोजचा अंदाज सुरू करतानाही 'आत्ता काय चाललंय' हे चित्र अजून मुख्यतः त्याच जुन्या व्यवस्थेकडून येतं. म्हणजे ज्या गणिताला एआयने हरवलं असं आपण म्हणतो, त्याच गणिताने एआयला शिकवलंय. उद्या कुणी म्हणालं की आता एआय आहे, वेधशाळांवर खर्च कशाला, तर हा मुद्दा लक्षात असू द्या.

सिमला ऑफिसपासून गोवारीकरांपर्यंत

जुन्या नोंदींमधून खुणा शोधायच्या आणि त्यावरून मान्सून सांगायचा, हा उद्योग भारताला अजिबात नवा नाही. आपण तो शंभरहून जास्त वर्षं करतोय, आणि त्यात दोनदा तोंड पोळून घेतलंय.

हवामान खातं सुरू झालं १८७५ मध्ये. लगेच पुढच्या वर्षांत भयंकर दुष्काळ पडला आणि पाऊस आधी कळला पाहिजे ही सरकारची गरज झाली. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पुढचा मान्सून सांगायला सुरुवात केली. बर्फ जास्त तर पाऊस कमी, असा ठोकताळा. काही वर्षं जमलं. १८९९ मध्ये चांगल्या पावसाचा अंदाज दिला गेला आणि प्रत्यक्षात देशभर भीषण दुष्काळ पडला.

१९०४ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर या खात्याचे प्रमुख झाले. त्यांना हवामानशास्त्राचा अनुभव नव्हता, पण आकडे कळत होते. त्यांनी जगभरच्या केंद्रांतल्या दाबाच्या, तापमानाच्या, पावसाच्या नोंदी गोळा केल्या आणि कशाचा कशाशी संबंध लागतो हे काढायला माणसं बसवली. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, भारतीय कारकून होते. तेच कागदावर बेरजा-गुणाकार करत होते. यातून वॉकर यांना पॅसिफिक आणि हिंदी महासागरातल्या हवेच्या दाबाचा झोका सापडला. आज आपण बातम्यांत 'एल निनो' म्हणतो त्या गोष्टीचा तो अर्धा भाग. म्हणजे जगाच्या हवामानशास्त्रातला एक मोठा शोध मान्सूनच्या डेटातून, सिमल्याच्या कचेरीत लागला. (पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस'चा चौक आहे ना, ते नाव याच खात्याचं. १९२८ मध्ये मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, त्याची ही आठवण.)

शोध टिकला, पण वॉकर यांची अंदाजाची सूत्रं टिकली नाहीत. एका काळात घट्ट दिसणारे संबंध पुढच्या दशकांत सैल पडले. काही तर उलटे झाले.

दुसरा किस्सा अनेकांच्या आठवणीतला असेल. वसंत गोवारीकर हे नाव मराठी वाचकाला सांगायला नको. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १६ घटकांचं मॉडेल तयार केलं. हिमालयातला बर्फ, एल निनो, ठिकठिकाणचं तापमान, दाब, वारे अशा १६ खुणा. १९८८ पासून हवामान खातं त्यावरून मान्सूनचा अंदाज द्यायला लागलं. आणि मग पाऊस वर्षामागून वर्ष सरासरीच्या आसपास पडत राहिला. अंदाज बरोबर, देश खूश. २००२ मध्ये याच पद्धतीने १०१ टक्के पावसाचा अंदाज आला. पडला ८१ टक्के. जुलै महिना तर जवळजवळ निम्मा कोरडा गेला. पुढच्याच वर्षी मॉडेल बदलावं लागलं.

यात गोवारीकरांची हुशारी कमी पडली असं म्हणणं अन्यायाचं होईल. अडचण डेटाच्या स्वभावातच होती. मान्सून वर्षातून एकदा येतो. पन्नास वर्षांच्या नोंदी असल्या तरी शिकायला उदाहरणं किती? पन्नासच. पन्नास उदाहरणांत १६ खुणा बसवल्या की त्यातल्या काही खऱ्या असतात आणि काही निव्वळ योगायोग. कोणत्या कोणत्या, हे एखादं वेगळं वर्ष उजाडेपर्यंत कळत नाही. शेअर बाजारात मागच्या दहा वर्षांचा चार्ट बघून 'हमखास फॉर्म्युला' विकणाऱ्यांचं जे होतं, तेच.

आता ग्राफकास्टकडे परत बघा. 'उद्या काय' या प्रश्नासाठी दर सहा तासांचं एक चित्र धरलं तरी ३९ वर्षांत सुमारे ५७ हजार चित्रं होतात. शिकायला भरपूर. म्हणून दहा दिवसांच्या अंदाजात एआय जोरात आहे. पण त्याच ३९ वर्षांत पावसाळे किती? ३९. प्रश्न 'यंदाचा हंगाम कसा जाईल' असा केला की तेच मशीन गोवारीकरांच्या मॉडेलच्या रांगेत येऊन बसतं. अंदाज किती दिवस पुढचा आहे, यावर त्याचा भरवसा ठरतो. 'एआयने सांगितलं' एवढ्यावर नाही.

न पाहिलेला पाऊस

आणखी एक प्रश्न आहे, आणि महाराष्ट्रासाठी तो जास्त जिव्हाळ्याचा आहे. मशीनने कधीच पाहिला नाही असा पाऊस आला तर?

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर. त्याच शहरात, त्याच दिवशी कुलाब्याला साधारण ७४. ईआरए-५ चे चौकोन जवळपास ३० किलोमीटरचे. त्या जाळीवर सांताक्रूझ आणि कुलाबा एकाच चौकोनात किंवा फार तर शेजारच्या चौकोनात येतात. म्हणजे ज्या अल्बममधून मशीन शिकलं, त्यात तो प्रलय सरासरीत विरघळून गेलेला असणार.

त्यात मशीनची एक सवय भर घालते. सरासरी चूक कमीत कमी ठेवा, असं शिकवलं की ते टोकाचं बोलायला कचरतं. ९०० म्हणून चुकण्यापेक्षा १५० म्हणून मधे राहिलेलं त्याला परवडतं. बहुतेक दिवशी यात काही बिघडत नाही. पण माणसं मरतात ती बहुतेक दिवशी नाही, त्या एका दिवशी. ही सवय घालवायला नवीन मॉडेलं एकाऐवजी पन्नास शक्यता काढतात आणि त्याने फरकही पडतो, पण जाळी तीच राहते.

शिकागो विद्यापीठातले पेद्राम हसनजादे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक सुंदर प्रयोग केला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्रीवादळांची ताकद १ ते ५ अशा श्रेणीत मोजतात. त्यांनी एका एआय मॉडेलला शिकवताना डेटातून ३, ४ आणि ५ श्रेणीची सगळी वादळं काढून टाकली आणि मग ५ श्रेणीचं वादळ समोर ठेवलं. मॉडेलने ते ओळखलं नाही. वादळ येतंय हे कळलं, पण त्याची ताकद कमीच सांगितली. हा प्रकार सगळ्यात धोकादायक, कारण लोक घरात बसून राहतात. प्रयोगाची दुसरी बाजूही आहे. एका महासागरातली मोठी वादळं काढली पण दुसऱ्या महासागरातली ठेवली, तेव्हा मॉडेल त्या उदाहरणांवरून शिकलं. म्हणजे मशीन निर्बुद्ध नाही. त्याने कुठेतरी, काहीतरी तसं पाहिलेलं असावं लागतं.

आणि हवामान बदलाचा अर्थच मुळी 'पूर्वी न पाहिलेलं' वाढत जाणं असा आहे. आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आजोबांचे आडाखे चुकायला लागलेत ही गावोगावची तक्रार त्याच बदलाची. मशीनही शेवटी जुन्या पावसाळ्यांवरच वाढलेलं आहे.

म्हणून '२०७० मध्ये मराठवाड्यात किती पाऊस पडेल' हा प्रश्न निव्वळ डेटावर शिकलेल्या मॉडेलला विचारण्यात आज तरी अर्थ नाही. तिथे भौतिकशास्त्रच लागतं, कारण तापमान वाढलं तरी निसर्गाचे नियम बदलत नाहीत. मशीन लर्निंगचा उपयोग तिथेही होतो, पण मदतनीस म्हणून. सुपरकॉम्प्युटरला खूप वेळ लागणारा एखादा भाग, समजा ढग तयार होण्याचा, मशीनला शिकवून वेगाने करून घ्यायचा. किंवा जगाच्या ढोबळ अंदाजावरून जिल्ह्यापुरतं बारीक चित्र काढायचं.

मग त्या एसएमएसचं काय?

मला विचाराल तर या प्रकल्पात एआयपेक्षा बाकीच्या गोष्टी जास्त शहाणपणाच्या होत्या.

एकतर त्यात एकच मॉडेल नव्हतं. गूगलचं 'न्यूरल जीसीएम' होतं, जे अर्धं भौतिकशास्त्र आणि अर्धं मशीन लर्निंग असं संकरित वाण आहे. त्याच्या निर्मात्यांनी आपल्या शोधनिबंधातच लिहून ठेवलंय की फार वेगळ्या झालेल्या भविष्यातल्या हवामानापर्यंत हे मॉडेल पोहोचत नाही. सोबत युरोपचं एआयएफएस होतं. आणि या दोघांच्या जोडीला भारतीय हवामान खात्याच्या पावसाच्या १२५ वर्षांच्या नोंदी. तुमच्या भागात इतिहास काय सांगतो आणि यंदाचं आकाश काय सांगतंय, याची सांगड.

दुसरं म्हणजे प्रश्न छोटा ठेवला. हंगाम कसा जाईल, किती मिलिमीटर पडेल, पूर येईल का, यातलं काहीच त्यात नव्हतं. फक्त पाऊस लागून राहायला कधी सुरुवात होईल, तेही शक्यतेच्या भाषेत. नोबेल विजेते अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर यांचा गट या कामात मंत्रालयासोबत होता. हे लोक आधी 'शेतकरी काय ठरवतो' ते बघतात आणि मग त्याला लागेल तेवढाच अंदाज शोधतात. तेलंगणातल्या २५० गावांत त्याआधी झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की मान्सूनच्या आगमनाचा अंदाज वेळेत मिळाला तर शेतकरी त्याप्रमाणे बेत बदलतात. पाऊस उशिरा असेल तर जमीन कमी पेरतात आणि पैसा दुसरीकडे वळवतात.

२०२५ नंतर मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये किसान कॉल सेंटरवरून शेतकऱ्यांना फोन करून विचारलं गेलं. ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी सांगितलं की मेसेजमुळे आपण मशागत, पेरणीची वेळ किंवा पीक-बियाण्याची निवड बदलली. आकडा मोठा आहे. पण तो काय सांगतो आणि काय नाही, हे बघा. लोकांनी ऐकलं, एवढं तो सांगतो. ऐकल्यामुळे त्यांचा फायदा झाला का, हे नाही. आणि लोक ऐकतात म्हटल्यावर चुकीच्या मेसेजचं नुकसानही तेवढंच मोठं. ३ कोटी ८८ लाख जणांना एकाच दिवशी चुकीचा सल्ला गेला, तर गावातल्या एका आजोबांचा आडाखा चुकण्यासारखं ते राहणार नाही.

चुकीचा हिशोब कोण देणार, हा प्रश्न आपल्याकडे हवेतला नाही. २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध थेट पोलीस ठाण्यात तक्रार दिली होती. चांगल्या पावसाच्या अंदाजावर पेरलं आणि पावसाने दडी मारली, म्हणून. तेव्हा निदान कुणाच्या नावाने तक्रार करायची हे माहीत होतं. अमेरिकेतल्या कंपनीचं मॉडेल, युरोपचं मॉडेल, भारताच्या नोंदी आणि दिल्लीतून एसएमएस, यात उद्या चूक झाली तर तक्रार कुणाच्या नावाने? याचं साधं उत्तर उपलब्ध आहे. पाठवलेला प्रत्येक अंदाज तालुकावार जपून ठेवायचा आणि हंगाम संपला की प्रत्यक्ष पावसाशेजारी मांडून सगळ्यांना बघायला खुला करायचा. कुठे लागला, कुठे फसला. महाराष्ट्रात 'महावेध'ची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळापर्यंत पोहोचलेली आहेत, त्यामुळे पडताळायला पाऊस मोजलेला आहे. तो मशीनला शिकवायलाही लागेल, कारण तीस किलोमीटरच्या चौकोनात शिवार दिसत नाही.

या हिशोबाची गरज आणखी एका कारणासाठी आहे. पाऊस सुरू होण्याच्या मेसेजनंतर शेतकऱ्याला लगेच दुसरा प्रश्न पडतो, जुलै-ऑगस्टमधल्या खंडाचा. फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना पंधरा-वीस दिवस पाऊस गायब झाला तर वेळेवर केलेली पेरणीही वाया जाते. आणि २०२५ मध्ये तर सप्टेंबरात उलटंच झालं. बीड, धाराशिव, लातूर, सोलापूर या भागांत अतिवृष्टी आणि पुराने उभं पीकच नव्हे, तर जमिनीची मातीही वाहून नेली. मे-जूनमधल्या मेसेजचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, तो अंदाज तेवढ्यासाठी नव्हताच. खंडाचा अंदाज दोन-तीन आठवडे आधी द्यायचा प्रयत्न करता येईल, तिथे मशीनकडे शिकायला बऱ्यापैकी उदाहरणं आहेत. नदीकाठच्या शेतातली माती खरवडून नेणाऱ्या एका रात्रीच्या पावसाची उदाहरणं मात्र त्याच्या अल्बममध्ये फारच कमी आहेत, आणि त्या रात्रीसाठी रडार, पर्जन्यमापक आणि वेळेत धरणातून पाणी सोडल्याचा निरोप यांनाच अजून पर्याय नाही.